तांदळाएवढा तुकडा

तुकडा आला तेव्हा सकाळचे अकरा वाजून चाळीस मिनिटं झाली होती. प्लॅस्टिकच्या डबीत गॉजची सुकत आलेली घडी आणि तिच्यावर माणसाच्या फुप्फुसाचा तांदळाच्या दाण्याएवढा, लालसर करडा तुकडा. बुरशीताईंनी डबी खिडकीच्या उजेडात धरली, आत बघितलं आणि विचारलं, "गॉजवर कुणी ठेवलं हे?"

डबी घेऊन आलेले वॉर्डमामा दारातच थांबले. "मला काय विचारता ताई? मी पोस्टमन. आत कुणी काय लिहिलंय ते मला काय माहीत?"

"सलाइनच्या बाटलीत पाठवा म्हणून मी वॉर्डात कागद चिकटवलाय."

"आहे ना तो कागद. त्याच्यावर आता ड्यूटीचं वेळापत्रक चिकटवलंय."

एरवी ताई हसल्या असत्या. आज त्यांनी वहीत वेळ लिहिली, पुढे 'गॉजवर' असं लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या आणि हातमोजे चढवले.

हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, एक्स-रे विभागाच्या मागे तीन खोल्यांची प्रयोगशाळा आहे. पहिल्या खोलीत रक्त, दुसरीत जिवाणू आणि तिसऱ्या, सगळ्यांत लहान खोलीत बुरशी. या तिसऱ्या खोलीत त्या सव्वीस वर्षं काम करतात. हुद्दा वरिष्ठ तंत्रज्ञ, वय त्रेपन्न. 'बुरशीताई' हे नाव कुणी पाडलं ते आता कुणालाच सांगता येत नाही, पण हॉस्पिटलच्या फोनच्या यादीतही तेच छापलेलं आहे. खोलीत एक ओटा, काचेचं तोंड असलेलं एक कपाट, ज्यात हात घालून नमुने उघडायचे, दोन उबदार पेट्या, एक मायक्रोस्कोप आणि एक स्टूल. स्टुलावरची गादी नवऱ्याने घरून शिवून आणून दिली आहे. नवरा चष्म्याच्या दुकानात भिंगं घासतो. घरात सगळ्यांनाच भिंगाचं वेड, पण एकमेकांचं काही दिसत नाही, हा त्याचा ठरलेला विनोद.

घरी एक नियम आहे. फ्रिजमधलं लिंबू सडलं, पावाला केस आले, लोणच्यावर साय धरली, तर ताईंनी बघितल्याशिवाय फेकायचं नाही. सासूबाई आल्या-गेल्याला सांगतात, "त्या खालच्या कप्प्याला हात लावू नका हं. तिथं आमच्या सूनबाईंचं गोकुळ नांदतंय." सूनबाई ते लिंबू खिडकीत नेतात, चष्मा कपाळावर सरकवतात, मिनिटभर बघतात आणि मगच टाकतात. त्या काय बघतात, असं विचारलं तर म्हणतात, "किती नीट वाढलंय ते बघते."

या उत्तरात थट्टा नाही. बुरशीचे बीजाणू धुळीहून बारीक असतात आणि सगळीकडे असतात. प्रयोगशाळेत कुणी नवीन रुजू झालं की ताई त्यांना एकच गोष्ट करायला लावतात. खाद्य भरलेली एक प्लेट झाकण काढून पंधरा मिनिटं खिडकीत ठेवायची, झाकण लावायचं आणि तीन दिवसांनी ठिपके मोजायचे. कधी बारा निघतात, कधी तीस. हिरवे, पिवळे, करडे, मखमलीसारखे. धडधाकट माणूस रोज असे शेकडो बीजाणू आत घेतो आणि त्याला पत्ताही लागत नाही. रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्यांना गाठून संपवतात. हे काम जन्मापासून, एकही सुट्टी न घेता चालू असतं. ज्याच्या पांढऱ्या पेशी संपल्या, त्याच्यासाठी मात्र तीच हवा वेगळी होते. बीजाणू फुप्फुसात रुजतो, त्यातून तंतू फुटतो आणि तो वाट काढत रक्तवाहिनीपर्यंत जातो.

डबीतला तुकडा अशाच एका माणसाचा होता.

तो लिफ्ट दुरुस्त करतो. वय एकोणपन्नास, लग्न केलेलं नाही, थोरल्या बहिणीबरोबर राहतो. तिला तो अक्का म्हणतो, त्यामुळे सगळा वॉर्डही तिला अक्काच म्हणतो. रक्ताचा कॅन्सर निघाला, केमो सुरू झाली आणि नवव्या दिवशी पांढऱ्या पेशी जवळजवळ शून्यावर आल्या. हे अपेक्षित होतं. मग ताप आला. तोही अपेक्षित होता. अँटिबायोटिक दिली, पाच दिवस झाले तरी ताप उतरेना, तेव्हा छातीचा स्कॅन काढला. उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात लिंबाएवढा डाग निघाला. नळी घालून फुप्फुस धुतलं आणि ते पाणी ताईंकडे पाठवलं. त्यात दोन हिरव्या वसाहती उगवल्या. ॲस्परजिलस, म्हणजे अशा रुग्णांत सर्वांत जास्त सापडणारी बुरशी. ताईंनी तसा अहवाल दिला, सही केली आणि त्या बुरशीचं औषध सुरू झालं.

आठवड्याने डाग दुप्पट झाला होता. मधोमध फिकट आणि भोवती जाड कडं, असा त्याचा आकार बदलला होता. रक्तात ॲस्परजिलसची खूण दोनदा तपासली आणि दोन्ही वेळा ती सापडली नाही.

हॉस्पिटलच्या संसर्गतज्ज्ञ बाईंना त्या कड्यावरून वेगळी शंका आली. ही दुसरी बुरशी असेल, म्यूकर, तर चालू असलेलं औषध तिला लागूच पडत नाही. तिच्यावर ॲम्फोटेरिसिन लागतं, तेही भरपूर मात्रेत. आणि ॲम्फोटेरिसिन मूत्रपिंडांना सोसत नाही. लिफ्टवाल्याची मूत्रपिंडं आधीच्या औषधांनी निम्म्यावर आलेली होती. सकाळी त्याला रक्त गोठवणाऱ्या बिंबिका, म्हणजे प्लेटलेट्स, चढवून स्कॅनखाली छातीत सुई घातली. दोन तुकडे निघाले आणि रक्त येऊ लागलं म्हणून सुई बाहेर काढावी लागली. एक तुकडा पॅथॉलॉजीला गेला, त्याचा अहवाल तिसऱ्या दिवशी मिळणार होता. दुसरा ताईंकडे आला. तिसरा मिळण्याची शक्यता नव्हती.

बारा वाजता बाईंचा फोन आला. "ताई, पोचलं?"

"पोचलं. गॉजवर."

"कोणी केलं हो हे?"

"ते नंतर भांडू. वेळ किती आहे माझ्याकडे?"

"दोनपर्यंत थांबते. त्यानंतर मी अंदाजावर थोडं थोडं सुरू करीन. पण अंदाजावर पूर्ण डोस द्यायची माझी हिंमत नाही, ह्याच्या किडनीकडे बघून. आणि सर्जनसाहेब तर अंदाजावर हातच लावणार नाहीत. म्यूकर असलं आणि आपण असंच पुळपुळीत काहीतरी दिलं, तर चार-पाच दिवस."

"चार-पाच दिवसांत काय?"

"ताई, तुम्हाला माहीत आहे."

ताईंना माहीत होतं. त्यांनी फोन ठेवला आणि तुकड्याचा एक तृतीयांश भाग नव्या पात्याने कापून काचपट्टीवर घेतला. त्यावर पोटॅशचा थेंब, ज्याने मांस विरघळत जाऊन फिकट होतं आणि बुरशी मागे राहते. वर रंगाचा थेंब. हा रंग बुरशीच्या भिंतीला चिकटतो आणि जांभळ्या प्रकाशात चमकतो. दहा मिनिटं थांबून त्यांनी खिडकीचा काळा पडदा ओढला आणि मायक्रोस्कोपवर वाकल्या.

अंधारात तीन पट्ट्या चमकत होत्या. निळसर पांढऱ्या, रुंद, रिबिनीसारख्या पिळलेल्या. ॲस्परजिलसचा तंतू बारीक असतो आणि त्यात ठरावीक अंतरावर पडदे असतात, बांबूच्या पेरांसारखे. या पट्ट्यांत एकही पडदा नव्हता. पुस्तकातल्या चित्राशी ताडून बघितलं तर हे म्यूकर होतं. दुसरं कुणी असतं तर तिथेच फोन उचलला असता.

ताईंनी डबीतला गॉज चिमट्याने उचलला, त्यातला एक धागा उसवला, दुसऱ्या काचपट्टीवर ठेवला, वर तोच पोटॅश, तोच रंग. खाली वाकून बघितलं. निळसर पांढरी, रुंद, पिळलेली, बिनपडद्याची पट्टी.

जुळी भावंडंही इतकी सारखी नसतात. गॉज कापसाचा असतो आणि हा रंग कापसालाही तितक्याच आवडीने चिकटतो. म्हणजे पहिल्या काचेवर जे चमकलं ते रुग्णाच्या फुप्फुसातलं होतं की वॉर्डातल्या कापसाच्या घडीतलं, हे सांगायची सोय उरली नव्हती.

प्रयोगशाळेचे प्रमुख दारातून डोकावले. ताईंपेक्षा आठ वर्षांनी लहान, वागायला सरळ, बोलायला घाईचे. त्यांनी दोन्ही काचा बघितल्या आणि कपाळाला हात लावला.

"आता हो? 'संशयास्पद तंतू दिसले' असं कळवून टाका. खोटं नाही ते."

"सर, संशय त्यांच्याकडे आधीच ढीगभर आहे. माझ्याकडून आणखी कशाला?"

"मग?"

"आणखी एक तुकडा कापते. आतला."

"आणि कल्चरला, उगवायला काय ठेवणार? उरतं किती त्यात?"

"एक तृतीयांश."

"ते उगवलं नाही तर?"

"उगवायचं तर उद्या-परवा उगवेल. त्यांना दोन वाजता हवंय."

सर शेजारच्या खोलीतून स्टूल घेऊन आले आणि तिथेच बसले.

ताईंनी तुकडा भिंगाखाली घेतला. गॉजला जी बाजू टेकली होती ती सगळी, कांद्याची साल काढावी तशी, पात्याने सोलून बाजूला केली. पातं बदललं. मग गाभ्यातून एक पातळ काप घेतला, जिथे कापसाचा धागा पोचणं शक्यच नव्हतं. पोटॅश, रंग, काच, दहा मिनिटं. घड्याळात एक वाजून पाच.

पहिली पाच मिनिटं त्यांना काहीच दिसलं नाही. काळोख, त्यात मांसाचे फिकट ढग. त्यांनी काच केसाच्या रुंदीने सरकवली, पुन्हा सरकवली. शेतात बी शोधावं तसं त्या ओळीने शोधतात, डावीकडून उजवीकडे, मग एक ओळ खाली. अकराव्या ओळीत एक तंतू लागला. कापसाची पट्टी एका पातळीत पडलेली असते. हा तंतू वरून खाली उतरत होता. त्याला धरून ठेवायला फोकस फिरवत फिरवत मांसाच्या आत आत जावं लागत होतं. त्याची रुंदी सारखी नव्हती, कुठे फुगलेला, कुठे आवळलेला. आणि मग त्याला फांदी फुटली. जवळजवळ काटकोनात. कापसाला फांदी फुटत नाही.

त्या तंतूबरोबर त्या खाली उतरत गेल्या. एका लहान रक्तवाहिनीची गोल भिंत आली. तंतू भिंतीपाशी थांबला नव्हता, वळलाही नव्हता. तो तिच्यातून आरपार गेला होता आणि आतल्या बाजूला पुन्हा दोन फांद्या टाकून रक्ताच्या दिशेने चालू पडला होता. ज्याला डोळे नाहीत, मेंदू नाही, हातपाय नाहीत, असं काहीतरी माणसाच्या छातीत नेमकं जायचं तिथे गेलं होतं.

"सर, बघा."

सर वाकले. बराच वेळ त्यांनी मान वर केली नाही. फोकसची चकती तेवढी पुढेमागे फिरत राहिली. शेवटी म्हणाले, "बाप रे." थोड्या वेळाने पुन्हा, हळू आवाजात, "बाप रे."

ताईंनी आणखी दोन ठिकाणी फांदी शोधली, वहीत तिन्ही जागा लिहिल्या आणि एक वाजून अठ्ठावीस मिनिटांनी फोन लावला.

"बाई, म्यूकर आहे."

"गॉज?"

"नाही. आतला काप घेतला. तीन ठिकाणी फांद्या. एका ठिकाणी वाहिनीच्या भिंतीतून आरपार."

"छातीठोक सांगताय?"

"सांगते."

"ताई, मागच्या आठवड्यात तुमच्याच सहीने..."

"ते धुवणातलं होतं. ते हवेतून नळीत येऊन बसतं तसंही. हे मांसातलं आहे. दोन्ही अहवाल माझेच, दोन्ही खरे. शेजारी शेजारी लावा, कुणी विचारलं तर मला बोलवा."

"पूर्ण डोस सुरू करते," बाई म्हणाल्या आणि फोन बंद झाला.

उरलेल्या एक तृतीयांशाचं कल्चर लावायचं होतं. खोलीतल्या सर्वांत वरच्या फळीवर चिनी मातीचा एक लहान खल आहे. बरीच वर्षं तो तिथून उतरलेला नाही. पूर्वी मांसाचा कुठलाही तुकडा आला की तो खलात घालून वाटायचा आणि ते वाटण प्लेटवर पसरायचं, अशी पद्धत होती. ताईंचं वाटण सगळ्यांत बारीक. जुने प्रमुख बाहेरच्या पाहुण्यांना ते दाखवायचे आणि म्हणायचे, वाटावं तर हिनं.

अकरा वर्षांपूर्वी एका पोहायला शिकवणाऱ्या बाईंचा तुकडा आला होता. वय चौतीस, मूत्रपिंड बदललेलं, ते टिकावं म्हणून शरीराची प्रतिकारशक्ती औषधांनी दाबून ठेवलेली. ताईंनी तुकडा लोण्यासारखा वाटला. सात दिवस काही उगवलं नाही. 'बुरशी वाढली नाही' असा अहवाल गेला, आणि मूत्रपिंड वाचवायचं म्हणून डॉक्टरांनी ॲम्फोटेरिसिन थांबवलं. नऊ दिवसांनी त्या गेल्या. नंतर पॅथॉलॉजीतला अर्धा तुकडा नव्याने कापून बघितला, तेव्हा त्यात म्यूकर निघालं.

कुणीही ताईंना बोल लावला नाही, कारण चूक कुठे झाली हे कुणालाच कळलं नव्हतं. ते त्यांनी स्वतः शोधलं. तीन आठवडे त्या सुट्टीच्या वेळात जाड पुस्तकं घेऊन बसल्या आणि एका पानाच्या तळाशी चार ओळी सापडल्या. म्यूकरचा तंतू म्हणजे एकच लांब नळी. मध्ये पडदे नाहीत. ती कुठेही चिरडली की आतलं सगळं सांडतं आणि ती सबंध मरते. पडदेवाल्या बुरशीचं एक पेर मेलं तरी शेजारचं जगतं, म्हणून ती वाटल्यावरही उगवते. म्हणजे तुकड्यात बुरशी होती आणि ताईंनी ती वाटून मारली होती. जितकं मन लावून काम, तितकी चोख मारली होती.

पुस्तक घेऊन त्या तेव्हाच्या प्रमुखांकडे गेल्या आणि म्हणाल्या, "ही माझी चूक आहे." प्रमुखांनी चार ओळी दोनदा वाचल्या. "ही पद्धतीची चूक आहे," ते म्हणाले. ताई म्हणाल्या, "पद्धतीला हात नाहीत, सर." दुसऱ्या दिवसापासून बुरशीच्या शंकेचा तुकडा वाटायचा नाही, पात्याने कापायचा, असा नियम झाला. त्या पोहायला शिकवणाऱ्या बाईंबद्दल ताई एवढंच सांगतात. विचारलं तरी पुढे बोलत नाहीत.

तर उरलेला भाग त्यांनी कापला. मोहरीएवढे चार कण झाले. ते चिमट्याने उचलून, न दाबता, प्लेटमधल्या खाद्यात एकेक टेकवले, शरीराच्या उष्णतेच्या पेटीत ठेवले आणि दार लावलं. गॉजवर सुकून कण आधीच मेले असतील तर ताईंच्या शब्दाला दुसरा साक्षीदार फक्त तिसऱ्या दिवशी येणारा पॅथॉलॉजीचा कागद होता. तोवर वॉर्डात एका माणसाच्या शिरेत ॲम्फोटेरिसिन थेंब थेंब जात होतं आणि त्याच्या निम्म्यावर आलेल्या मूत्रपिंडांनी ते सोसायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नमुने घ्यायच्या खिडकीशी अक्का उभी होती. साठीच्या आसपासची, उन्हाने रापलेली, नखांत माती. ती एका रोपवाटिकेत काम करते.

"उगवलं का हो काही?" तिने विचारलं.

नातेवाइकांनी खिडकीशी येऊ नये असा नियम आहे आणि अहवाल डॉक्टरच सांगतात. पण उगवलं का, असं आजवर कुणी विचारलं नव्हतं. लोक 'रिपोर्ट आला का' विचारतात.

"अजून नाही," ताई म्हणाल्या. "डॉक्टर सांगतील तुम्हाला."

"ते सांगतात हो, पण मला कळत नाही. काल त्याचं युरिनचं कमी झालं म्हणाले. औषध कडक आहे म्हणाले." ती जरा थांबली. "मला दुसरंच विचारायचंय. केमोच्या आधी आठवडाभर त्याच्या उशाशी मी आमच्या रोपवाटिकेतली कुंडी ठेवली होती. फुलं आली होती, म्हटलं बघेल. वॉर्डातल्या नर्सबाई म्हणाल्या, मातीतून येतं हे. म्हणजे मीच आणलं का?"

ताई आत गेल्या आणि एक प्लेट घेऊन आल्या. बंद, चारही बाजूंनी चिकटपट्टी लावलेली. झाकणातून ठिपके दिसत होते.

"ही मी चार दिवसांपूर्वी तुमच्या मागच्या त्या बाकावर उघडी ठेवली होती. पंधरा मिनिटं. मोजा."

अक्काने बोटाने मोजले. "बावीस."

"तिथं कुंडी आहे?"

"नाही."

"रस्त्यावर याहून जास्त निघतील. तुमच्या रोपवाटिकेत तर विचारूच नका."

"म्हणजे माझ्यामुळं नाही?"

"ते मला सांगता येणार नाही. कुणालाच येणार नाही. कुंडीतलं असेल, खिडकीतलं असेल, लिफ्टच्या खड्ड्यातलं असेल. त्याच्या पेशी होत्या तोवर रोज येत होतं आणि रोज मरत होतं. आता पेशी नाहीत, एवढंच खरं."

अक्का प्लेटकडे बघत राहिली. "आमच्याकडे रोपं बुडाशी सडली की आम्ही सगळा ट्रे फेकतो," ती म्हणाली. "माणसाचं तसं करता येत नाही."

"नाही येत."

"उद्या येऊ का?"

"या. नियमात बसत नाही, पण या."

चव्वेचाळीस तास झाले तेव्हा चारपैकी एका कणाला पांढरा कापूस फुटला. बाकी तीन गॉजवरच गेले असावेत. ताईंनी प्लेट बघितली आणि झाकणाला लगेच चिकटपट्टी लावली, कारण पुढे काय होतं हे त्यांना ठाऊक होतं. अडुसष्टाव्या तासाला प्लेट भरली होती. काठापर्यंत, झाकणापर्यंत, करड्या लोकरीची एक सबंध गादी, आणि तिच्यात टाचणीच्या डोक्यांसारखे असंख्य काळे ठिपके. झाकण आतून रेटलं जात होतं. मोहरीएवढ्या कणातून, तीन दिवसांच्या आत, हाताच्या पंजाएवढं. पलीकडच्या खोलीतले जिवाणूवाले एकेक करून बघून गेले. एकाने विचारलं, "ताई, हे असं आत चाललं होतं?" ताई म्हणाल्या, "आत जागा कमी असते." त्याच दुपारी पॅथॉलॉजीचा कागद आला. त्यात तेच लिहिलं होतं.

पण ओळख पटली म्हणजे माणूस वाचला असं होत नाही. लिफ्टवाल्याची मूत्रपिंडं आणखी खाली गेली. पोटॅशियम रोज घसरायचं आणि रोज भरावं लागायचं. बाई दिवसातून दोनदा आकडे बघायच्या आणि डायलिसिसच्या लोकांना 'आज नको, उद्या बघू' म्हणायच्या. असे नऊ उद्या गेले. दहाव्या दिवशी पांढऱ्या पेशी तीनशे झाल्या, बाराव्या दिवशी अकराशे. त्या दिवशी बाईंनी खाली फोन केला आणि नुसता आकडा सांगितला. ताईंनी तो प्रयोगशाळेत मोठ्याने वाचला. जिवाणूवाल्यांनी टाळ्या वाजवल्या, तेव्हा सरांनी "कामं करा, कामं करा" म्हणून स्वतःही दोन वाजवल्या.

पेशी परतल्या की धोका वेगळा होतो. बुरशीने पोखरलेला भाग सुटा होतो आणि शेजारची मोठी वाहिनी फुटू शकते. लिफ्टवाल्याला खोकल्यातून रक्त पडलं. आता सर्जनसाहेबांकडे अंदाज नव्हता, सहीचा कागद होता. त्यांनी उजव्या फुप्फुसाचा वरचा कप्पा काढला.

तो ताईंकडे सलाइनच्या बरणीत आला. वॉर्डमामांनी बरणी ओट्यावर ठेवली. "बघा, बुडवून आणलाय. मी सिस्टरच्या डोक्यावर उभा राहिलो होतो."

ताईंनी मधोमध काप दिला. बाहेरून गुलाबी स्पंजासारखं दिसणारं मांस आत एका पाचरीच्या आकारात काळं, घट्ट झालेलं होतं. पाचरीच्या टोकाशी पेन्सिलीएवढी रक्तवाहिनी होती आणि तिच्यात करडी, मऊ दोरी भरलेली होती, तोंडापर्यंत. ती सगळी बुरशी होती. मोठ्या वाहिनीचा फाटा तिथून नखभर दूर होता. ताईंनी पट्टी लावून मोजलं. चार मिलिमीटर. त्यांनी सरांना बोलावलं, सरांनी बाईंना बोलावलं, बाई सर्जनसाहेबांना घेऊन आल्या. त्या लहानशा खोलीत चौघं ओट्याभोवती उभी राहिली आणि त्या चार मिलिमीटरकडे बघत राहिली. कुणी कुणाचं अभिनंदन केलं नाही. सर्जनसाहेब तेवढे म्हणाले, "हिला घाई नव्हती, नाही? रोज थोडं थोडं."

"घाईच होती," ताई म्हणाल्या. "औषधाने तिचे पाय धरून ठेवले."

चार महिन्यांनी, एका दुपारी, खिडकीशी पुन्हा अक्का आली. तिच्या मागे एक काटकुळा माणूस होता, डोक्यावर नुकतेच फुटलेले बारीक केस, तोंडावर मास्क. कॅन्सर सध्या आटोक्यात आहे, बुरशीच्या गोळ्या अजून चालू आहेत, मूत्रपिंडं पूर्वीइतकी नाहीत पण चालतात. दोन जिने चढला की थांबावं लागतं. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याला जिने चढायला लावतात, ही काय तऱ्हा, असं तो वर वॉर्डात सगळ्यांना ऐकवून आला होता.

"मला बघायचंय ते," तो म्हणाला.

"काय?"

"माझ्यात होतं ते."

ताईंनी सरांकडे बघितलं. सर फाइलमध्ये तोंड घालून बसले होते आणि पानं उलटत होते, ती आधीच उलटलेली पानं. ताईंनी कपाटातून त्याच्या फुप्फुसाची रंगवलेली, कायमची बंद केलेली काच काढली, मायक्रोस्कोपवर लावली, फोकस जुळवला आणि स्टूल त्याच्याकडे सरकवलं.

तो वाकला. आधी दोन्ही डोळे, मग एकच, मग पुन्हा दोन्ही.

"हे गुलाबी मी?"

"हो."

"आणि हे मधून जातंय ते, ते?"

"ते."

"जिवंत आहे?"

"काचेवरचं नाही."

त्याचं बोट चकतीवर होतं. कसं फिरवायचं ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं, पण यंत्र हाताळायची सवय, त्यामुळे त्याचा तो खाली खाली उतरत गेला.

"याचं माझ्याशी काही भांडण नव्हतं," तो अखेर म्हणाला.

"नाही. त्याला फक्त वाढायचं होतं."

"आणि हे सगळं त्या तांदळाएवढ्यात दिसलं तुम्हाला? ह्यातली एक फांदी?"

"तीन."

त्याने मान वर केली आणि ताईंच्या चष्म्याकडे असं बघितलं, जणू काही कमाल त्या काचांचीच होती. मग पुन्हा वाकला. मागून अक्काने त्याच्या पाठीत बोट खुपसलं.

"पुरे झालं की. आता मला बघू दे."

"थांब गं अक्का, अजून खाली जायचंय."